कॅटानची पहिली संध्याकाळ: निमंत्रणापासून पेटी मिटेपर्यंत

६ तारखेला, मंगळवारी ठरलं आणि १७ तारखेला, शनिवारी कॅटान हा बोर्डगेम खेळलो. मधले अकरा दिवस कशात गेले, संध्याकाळी कोणती गोष्ट कुठे अडली आणि ती कशी सोडवली, हे क्रमाने लिहिलं आहे. ज्यांनी कधी मोठा स्ट्रॅटेजी बोर्डगेम खेळलेला नाही अशा मित्रांना बोलवायचं आणि नियम आपणच समजावायचे, या कामाचं दडपण येतं. बहुतेक दडपण आधीच्या तयारीत उतरतं.

पहिला प्रश्न खेळ कोणता. इथे आवडीच्या आधी डोकी मोजायची. मला धरून पाच, त्यातला एकजण आठ वाजता जाणार, म्हणजे मोठ्या खेळाला चार. कॅटान मूळ पेटीत ३ ते ४ जणांचा आहे. पाच-सहा जणांसाठी वेगळी जोडपेटी मिळते, पण तिच्यात आपली पाळी यायला फार वेळ लागतो. नव्या भिडूंसाठी ती टाळावी असं माझं मत आहे. 'सेव्हन वंडर्स' ३ ते ७ जणांना चालतो आणि सगळे एकाच वेळी पत्ता खेळत असल्यामुळे कुणी ताटकळत नाही. पण त्यात गुण सात प्रकारांनी मोजतात आणि पत्त्यांवर शब्दांऐवजी खुणा असतात, त्यामुळे पहिला डाव खुणा ओळखण्यातच संपतो. 'तिकिट टू राइड' २ ते ५ जणांचा, शिकायला सगळ्यांत सोपा. मात्र त्यात एकमेकांशी बोलण्याचं कारण कमी पडतं. आम्हाला बोलाचालीचा, देवघेवीचा खेळ हवा होता, म्हणून कॅटान. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने तो बनवला, १९९५ साली बाजारात आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, हा मान त्याला मिळाला. तीस वर्षं झाली तरी नव्या माणसाला बसवायला तो चांगला आहे, कारण दुसऱ्याच्या पाळीतही आपल्याला माल मिळतो आणि सौदा करता येतो.

पाचवा असेपर्यंत काय खेळायचं, तर '६ निम्ट'. वोल्फगांग क्रामरचा, १९९४चा पत्त्यांचा खेळ; २ ते १० जणांना चालतो आणि पाच मिनिटांत समजतो. एका संध्याकाळी नवा मोठा खेळ एकच ठेवायचा, दुसरा हलकाच असला पाहिजे. दोन मोठे खेळ शिकवायला घेतले की दुसऱ्याच्या वेळी कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही.

मंगळवारीच सगळ्यांना निरोप गेला: "१७ला शनिवारी सहा वाजता. साडेसहाला पत्त्यांचा छोटा खेळ, आठला मोठा खेळ, दहापर्यंत संपेल. नियम माहीत असायची गरज नाही." शेवटची वेळ निरोपात लिहावीच. पेटीवर ७५ मिनिटं छापलेली असतात. ती चारही जणांना खेळ येत असेल तर. तीन नवे भिडू असतील तर समजावण्यासकट दोन तास धरावेत. दोघांचा होकार त्याच दिवशी आला, तिसऱ्याचा गुरुवारी. चौथ्याचं उत्तर बुधवारपर्यंत, म्हणजे १४ तारखेपर्यंत आलं नव्हतं, तेव्हा पुन्हा विचारलं. चार आहेत की पाच यावर सगळं बेतलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारायला संकोच करू नये.

गुरुवारी, ८ तारखेला, पेटी उघडून मोजदाद केली. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते पाहुण्यांसमोर करायचं नाही. जमिनीचे षटकोन १९: जंगलं ४, कुरणं ४, शेतं ४, टेकड्या ३, डोंगर ३ आणि वाळवंट १. आकड्यांच्या गोल चकत्या १८. कच्च्या मालाचे पत्ते ९५, म्हणजे लाकूड, वीट, लोकर, गहू आणि खनिज प्रत्येकी १९. डेव्हलपमेंट कार्डं, म्हणजे माल देऊन घ्यायचे खास फायद्याचे पत्ते, २५: नाइट १४, विजयगुणाची ५, आणि रस्तेबांधणी, भरभराटीचं वर्ष, मक्तेदारी प्रत्येकी २. प्रत्येक रंगाच्या ५ वस्त्या, ४ शहरं, १५ रस्ते. सोंगट्या रंगवार छोट्या पिशव्यांत भरल्या आणि मालाचे पत्ते पाच वेगळ्या गठ्ठ्यांत लावले. एवढं केलं की शनिवारी मांडामांड दहा मिनिटांत होते. नाहीतर पंचवीस मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात मंडळी फोनमध्ये शिरतात. पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घालायची असतील तर पत्त्याचं माप ५४ गुणिले ८० मिलिमीटर आहे; पत्ते खेळायच्या नेहमीच्या मापाची पाकिटं त्याला सैल होतात आणि पिसताना पत्ते अडकतात.

रविवारी नियमपुस्तिका वाचली आणि मग पट मांडून दोन रंग एकट्यानेच सहा फेऱ्या खेळून पाहिले. ही सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट. नुसतं वाचून समजलंय असं वाटतं. हात चालवला की कळतं काय राहून गेलंय. त्या सहा फेऱ्यांत तीन चुका सापडल्या. सुरुवातीचा माल पहिल्या वस्तीचा मिळत नाही, दुसऱ्या वस्तीभोवतीच्या षटकोनांचा मिळतो. डेव्हलपमेंट कार्ड ज्या पाळीत घेतलं त्याच पाळीत खेळता येत नाही, आणि एका पाळीत एकच खेळायचं. आणि ७ पडलं की त्या दानाला कुणालाच माल मिळत नाही, पण ज्याची पाळी आहे तो नंतर व्यवहार आणि बांधकाम नेहमीप्रमाणे करू शकतो. हे तिन्ही मुद्दे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पेटीच्या झाकणात ठेवली.

शुक्रवारी टेबल. कॅटानचा पट समुद्राच्या चौकटीसकट अर्ध्या मीटरहून जरा मोठा होतो, वर प्रत्येकाचे पत्ते आणि सोंगट्या. चौरस टेबलाची बाजू ९० सेंटिमीटर असेल तर चौघे नीट बसतात. टेबलावर जाडसर कापड अंथरलं. त्याने चौकट सरकत नाही आणि सपाट पडलेला पत्ता नखाने ओरबाडावा लागत नाही. दिवा पांढऱ्या उजेडाचा लावला, कारण पिवळ्या उजेडात जंगलाचा गडद हिरवा आणि कुरणाचा फिका हिरवा एकसारखे दिसतात, लाल-नारिंगी रस्त्यांचाही घोळ होतो. तिघंच खेळणार असाल तर लाल आणि नारिंगी यांतला एक रंग पेटीतच ठेवा. पाण्याचे पेले शेजारच्या स्टुलावर. पुठ्ठ्यावर पाणी सांडलं की तो षटकोन फुगतो आणि पुन्हा कधी सपाट बसत नाही.

शनिवारी सहाला दोघं आले, सव्वासहाला तिसरा, साडेसहाला चौथी. उशिरा येणाऱ्यासाठी मोठा खेळ कधी थांबवू नये आणि त्याच्याशिवाय सुरूही करू नये. मधला वेळ हलक्या खेळाचा. '६ निम्ट'मध्ये १ ते १०४ आकड्यांचे पत्ते असतात. प्रत्येकाला दहा वाटायचे, चार पत्ते उघडे मांडून चार ओळी सुरू करायच्या. सगळ्यांनी एकेक पत्ता पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा. लहान आकड्यापासून सुरुवात करून प्रत्येक पत्ता अशा ओळीत जातो जिचा शेवटचा पत्ता त्याच्याहून लहान आणि त्याला सगळ्यांत जवळचा आहे. ओळीत सहावा पत्ता ज्याचा लागेल त्याने आधीचे पाच उचलायचे. त्यांवरची बैलाची डोकी हे दंडाचे गुण.

नियम ऐकताना हे कोरडं वाटतं, म्हणून एक खेळी उघड्या पत्त्यांनी करून दाखवली. ओळींच्या टोकाला १४, ३७, ६२ आणि ८८ होते. ३७च्या ओळीत चार पत्ते, ६२ एकटाच. पत्ते उलटले: १२, १५, ३९, ४०, ९०. १२ सगळ्याच टोकांहून लहान, म्हणून त्याला एक ओळ निवडून उचलावी लागते. त्याने ६२ची उचलली, एक डोकं पदरात, आणि तिच्या जागी १२ बसला. १५ गेला १४पाशी. ३९ गेला ३७पाशी, ती ओळ आता पाचाची झाली. आणि ४०, ज्याला ३७च्या ओळीत आपण पाचवे लागू असं वाटत होतं, तो सहावा लागला आणि पाच पत्ते घेऊन बसला. ९० निवांत ८८पाशी. ही एक खेळी पाहिल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. कुणाचे ६६ गुण होईपर्यंत खेळायचं असा नियम आहे. आम्ही वेळ पाहून चार वाटप खेळलो. आठला दहा कमी असताना पाचवा निघाला.

आठ ते सव्वाआठ नियम. या पंधरा मिनिटांवर माझा सगळ्यांत जास्त भर होता, आणि क्रम आधी ठरवलेला होता. सर्वांत आधी जिंकायचं कसं: आपल्या पाळीत १० गुण. वस्तीला १, शहराला २, सर्वांत लांब रस्त्याला २, सर्वांत मोठ्या सैन्याला २, आणि गुपचूप धरून ठेवायचे विजयगुणाचे पत्ते. त्यानंतर माल कसा येतो: दोन फासे टाकायचे, बेरीज ज्या षटकोनावर आहे त्याच्या कोपऱ्यावर ज्याची वस्ती त्याला एक पत्ता, शहर असेल तर दोन. मग पाळी: फासे, व्यवहार, बांधकाम. पुष्कळजण आधी पट, मग पत्ते, मग सोंगट्या असं पेटीतल्या वस्तूंच्या क्रमाने सांगत जातात. ऐकणाऱ्याला दहा मिनिटं कळत नाही की हे सगळं कशासाठी. ध्येय आधी सांगितलं की पुढचं प्रत्येक वाक्य कुठे बसतं ते समजतं.

किमती पाठ करायला लावायच्या नाहीत, प्रत्येकासमोर किमतीचं कार्ड असतं. तरी एकदा मोठ्याने वाचून घेतल्या. रस्ता म्हणजे लाकूड आणि वीट. वस्ती म्हणजे लाकूड, वीट, लोकर, गहू. शहर म्हणजे ३ खनिजं आणि २ गहू, तेही आपल्याच वस्तीच्या जागी. डेव्हलपमेंट कार्ड म्हणजे खनिज, लोकर, गहू. आणि दोन वस्त्यांमध्ये किमान दोन कडांचं अंतर, मग ती वस्ती कुणाचीही असो. हा अंतराचा नियम बोट ठेवून दाखवा. नुसता सांगितला तर हमखास विसरतात आणि पाचव्या फेरीत कुणीतरी चुकीच्या जागेसाठी रस्ता बांधून बसतो.

आकड्यांच्या चकत्यांवर खाली ठिपके असतात, ते सांगायला विसरू नये. ठिपके म्हणजे दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी किती जोड्यांनी ती बेरीज येते. ६ आणि ८ला पाच ठिपके, ५ आणि ९ला चार, ४ आणि १०ला तीन, ३ आणि ११ला दोन, २ आणि १२ला एक. कोपऱ्याभोवतीच्या तीन षटकोनांचे ठिपके मिळवले की जागेची किंमत कळते. १२ ठिपक्यांचा कोपरा सरासरी दर तीन दानांना एक पत्ता देतो.

षटकोन पिसून मांडले. चकत्यांच्या मागे ए ते आर अशी अक्षरं असतात. एका टोकाच्या षटकोनापासून अक्षरांच्या क्रमाने वळसे घालत आत यायचं आणि वाळवंट सोडायचं. मांडून झाल्यावर दोन लाल आकडे, म्हणजे ६ आणि ८, शेजारी आलेले नाहीत ना हे एकदा डोळ्यांखालून घातलं.

आता सुरुवातीच्या वस्त्या. इथून पुढे नावांऐवजी सोंगट्यांचे रंग लिहिले आहेत. टेबलावरही लवकरच तसंच बोललं जाऊ लागलं. निळ्या सोंगट्या माझ्या. क्रम लाल, पांढरी, निळा, नारिंगी. दुसरी वस्ती उलट्या क्रमाने, म्हणून नारिंगीने दोन्ही लागोपाठ मांडल्या. लालने ६चा गहू, ९चं लाकूड आणि १०ची वीट असा १२ ठिपक्यांचा कोपरा घेतला. पांढरीने ८ची वीट, ५चं लाकूड, ३ची लोकर, ११ ठिपके. नारिंगीच्या दोन जागा पाहून मला काळजी वाटली: ८चं खनिज, ५चा गहू, ४ची लोकर आणि ६चं खनिज, ९चा गहू, ११ची लोकर. ठिपके भरपूर, पण लाकूड नाही आणि वीट नाही, म्हणजे स्वतःच्या मालावर एकही रस्ता नाही. पहिल्या डावात मांडणीच्या वेळी सल्ला मोकळेपणाने द्यावा असं मी मानतो, कारण ही डावातली सर्वांत मोठी निवड नव्या माणसाला सर्वांत कमी माहिती असताना करावी लागते. "रस्त्याचा माल कुठेच नाही, चालेल का?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "दुसऱ्या वस्तीचा माल मोज ना. खनिज, गहू, लोकर. म्हणजे एक कार्ड लगेच येतं." बरोबर होतं. सल्ला एकदाच द्यायचा आणि मग भिडूचं ऐकायचं.

आठ पंचवीसला पहिलं दान पडलं. सोय म्हणून तीन गोष्टी ठरवल्या. फासे पेटीच्या झाकणातच टाकायचे, पटावर टाकले की रस्ते उडतात. लाकूड, वीट आणि लोकर एकाने वाटायची, गहू आणि खनिज समोरच्याने. एकच माणूस बँक सांभाळत असेल तर प्रत्येक दानाला तोच अडकतो. आणि फासे पुढच्याच्या हातात दिले की पाळी संपली, मग "थांब, एक रस्ता राहिला" चालणार नाही. मिळायचा माल मागायला कुणी विसरलं तर पुढचं दान पडेपर्यंत मागता येईल, ही सवलत आम्ही आपली ठेवली.

पहिल्या चार फेऱ्यांत व्यवहाराचा घोळ झाला. ज्याची पाळी त्याच्याशीच सौदा करता येतो. बाकीचे तिघं आपसांत नाही. हे सांगूनही लाल आणि पांढरी दोनदा आपसांत पत्ते बदलू लागले. दोन्ही वेळा पत्ते परत घेतले आणि पुढे गेलो.

मग पांढरीचा दुष्काळ. तिची सगळी वीट ८वर, आणि सलग बारा दानांत ८ पडलंच नाही. तीन फेऱ्या ती नुसती लोकर आणि लाकूड गोळा करत बसली. "दोन लोकरी देते, एक वीट द्या कुणीतरी." वीट लाल आणि निळ्याकडेच, दोघांनाही रस्त्याला हवी. बारा दानांत एकदाही ८ न येण्याची शक्यता साधारण सहात एक आहे, म्हणजे हे वरचेवर घडणारं आहे. उपाय दोन आहेत. बँकेत चार सारखे पत्ते देऊन एक हवा तो घेता येतो. महाग पडतो, पण तीन फेऱ्या थांबण्यापेक्षा स्वस्त. आणि बंदर: पटावर नऊ बंदरं असतात, चार बंदरांवर तीन सारख्या पत्त्यांना एक मिळतो आणि पाचांवर एकेका ठरलेल्या मालाच्या दोन पत्त्यांना एक. पांढरीला बंदराची आठवण मी करून दिली, तेव्हा तिने हातातली शेवटची वीट घालून लोकरीच्या बंदराकडे रस्ता काढला. पुढे चार फेऱ्यांनी तिथे वस्ती झाली आणि साचलेली लोकर कामाला आली. मांडणीच्या वेळीच एखादा माल एकाच आकड्यावर अवलंबून आहे का हे पाहायला हवं. टेकड्या आणि डोंगर तीन-तीनच असल्यामुळे वीट आणि खनिजाच्या बाबतीत हे जास्त लागू.

साडेनऊच्या आधी दोन कमी-जास्त मिनिटं असतील, लालने शहरासाठी नऊ पत्ते साठवले होते. आपली पाळी संपवताना तो पुन्हापुन्हा मोजत होता, खनिज एकच कमी. पुढचंच दान ७. सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याने निम्मे टाकायचे, खालच्या पूर्णांकाने; नऊचे चार गेले. त्याने कोणते टाकायचे हे ठरवायला बराच वेळ घेतला आणि शेवटी दोन लाकडं, एक वीट, एक लोकर टाकून दिली. पत्ते साठवायचे असतील तर हे गणित लक्षात असू द्या: चौघांच्या डावात आपली पाळी परत येईपर्यंत बाकी तिघं फासे टाकतात, त्यात ७ येण्याची शक्यता ४२ टक्के, आणि आपलं स्वतःचं दान धरलं तर ५२ टक्के. हातात आठ-नऊ पत्ते असतील तर पाळी संपवण्याआधी काहीतरी बांधून टाकावं, नाहीतर पडेल भावाने सौदा करावा. नाइट खेळल्यावर दरोडेखोर, म्हणजे ज्या षटकोनावर बसेल त्याचा माल अडवणारी सोंगटी, हलतो आणि एक पत्ता उचलता येतो, पण तेव्हा कुणाला पत्ते टाकावे लागत नाहीत. हा फरक त्याच वेळी विचारला गेला.

एक वाद झाला. लालचा रस्ता सहाचा, सर्वांत लांब रस्त्याचं कार्ड त्याच्याकडे. निळ्याने त्या रस्त्याच्या मधल्या मोकळ्या कोपऱ्यावर वस्ती बांधली. रस्ता तुटतो की नाही? नियमपुस्तिकेत शोधायला एक मिनिट द्यायचं आणि सापडलं नाही तर बहुमताने ठरवून पुढे जायचं, असं आधीच ठरलं होतं. पेटीत वर्णानुक्रमे विषय लावलेला 'अल्मनॅक' असतो, त्यात चाळीस सेकंदांत सापडलं: दुसऱ्याची वस्ती मध्ये आली की रस्ता तुटतो, आपली स्वतःची आली तर नाही. लालचे तीन-तीन झाले, निळ्याचा पाचाचा होता, कार्ड निळ्याकडे गेलं. वादाचा नियम पुस्तिकेतून वाचून दाखवावा. समजावणाऱ्याचाच फायदा होत असेल तर पान समोर धरावं. इथे फायदा माझा होता, म्हणून पुस्तिका लालच्या हातात दिली.

दहा वाजायला आले तेव्हा निळ्याचे उघडे गुण ८: चार वस्त्या, एक शहर, लांब रस्ता. नारिंगीचेही ८, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिने रस्तेबांधणीच्या कार्डावर दोन रस्ते फुकट काढले, लाकूड आणि वीट लालकडून गव्हाच्या बदल्यात मिळवून तिसरी वस्ती बांधली आणि तिचंही शहर केलं. तीन शहरांचे सहा, तीन नाइट खेळून सर्वांत मोठ्या सैन्याचे दोन. शेवटच्या तीन फेऱ्या निळ्याशी कुणी सौदा करेना, दरोडेखोर निळ्याच्याच षटकोनावर बसलेला. नारिंगीला मात्र सगळे माल देत होते. दहा वाजून सहा मिनिटांनी तिने पालथे ठेवलेले दोन पत्ते उलटले. दोन्ही विजयगुणाचे. दहा. लाल ७ आणि पांढरी ६वर थांबले.

इथे नव्या टेबलावर हमखास होणारी चूक दिसते: पटावरचे गुण मोजले जातात, पालथे पत्ते मोजले जात नाहीत. २५ कार्डांत ५ विजयगुणाची आहेत. कुणाकडे न खेळलेली दोन-तीन कार्डं बऱ्याच पाळ्या पडून असतील तर ती नाइट नाहीत असं धरून चालावं, कारण नाइट सहसा कुणी इतका वेळ धरून ठेवत नाही. माझी आणखी एक चूक म्हणजे मध्येच गुण मोठ्याने वाचून दाखवायचे राहिले. अर्ध्या डावानंतर दर दोन फेऱ्यांनी "लाल इतके, पांढरी इतके, आणि पालथे पत्ते इतके" असं म्हणत गेलं तर नव्या भिडूंनाही डावाचा अंदाज राहतो.

आवरायला बारा मिनिटं लागली. प्रत्येकाने आपला रंग मोजून पिशवीत भरला, प्रत्येकी २४ सोंगट्या. पांढऱ्याचा एक रस्ता कमी भरला. तो कापडाच्या घडीत सापडला. मालाचे गठ्ठे पुन्हा १९-१९ लावले. मोजल्याशिवाय पेटी मिटू नये, हरवलेली सोंगटी त्याच रात्री सापडते, महिन्याने नाही.

रविवारी सकाळी पुस्तिका पुन्हा उघडली, कारण डावात एकदा बँकेतल्या विटा संपल्या होत्या आणि शेवटची वीट आम्ही पाळी असलेल्याला दिली होती. तसं नाही. एकाहून जास्त जणांना तो माल मिळायचा असेल आणि सगळ्यांना पुरत नसेल तर त्या दानाला तो माल कुणालाच मिळत नाही. एकट्यालाच मिळायचा असेल तर उरलेला सगळा त्याला. हे चौघांना कळवलं आणि झाकणातल्या चिठ्ठीत चौथा मुद्दा म्हणून लिहिलं. पांढरीचं उत्तर आलं, "पुढच्या वेळी मी ८वर एकटी बसणार नाही," आणि खाली तारीख विचारलेली.